अब्जावर एक

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करताच विचारलं, “सोबत तुम्हीच का? प्रेग्नंट आहात?” आणि सुकन्याच्या ओठांवर आलेलं ‘नाही’ तिथंच अडकलं. प्रश्न काही वाईट नव्हता. समोरच्या कागदावर दोन चौकोन छापलेले होते, त्यातल्या एकात खूण केली की काम संपत होतं. नांदेडच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये दिवसातून वीस वेळा हा प्रश्न विचारला जात असणार, आणि वीसजणी सहज नाही म्हणत असणार. पण शेजारच्या खुर्चीत तिचा बा बसला होता, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवलेला, गळ्यावरची सुपारीएवढी गाठ उघडी पडलेली. मुलीनं आता मान वर केली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर शिला असं नाव होतं. “मॅडम, विचारावं लागतं,” ती म्हणाली. “हे इंजेक्शन दिलं की पेशंटच्या अंगातून किरणं निघतात. गरोदर बाई अन् लहान लेकरू संध्याकाळपर्यंत जवळ नको.” हे सगळं सुकन्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ती शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “हो.” बानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो उठला, पटका उचलला आणि जाऊन पार दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसला.

“बा, अजून दिलं न्हाई इंजेक्शन,” ती म्हणाली.

“असू दे,” बा म्हणाला.

चौदा आठवडे तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. पुण्यात रत्नपालला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तेवढी माहीत होती, आणि तोही घरात त्या गोष्टीचं नाव न काढता वावरत होता, जणू झोपलेल्या माणसाच्या खोलीतून चालतो आहे. पहिल्या खेपेला तिनं आठव्या आठवड्यातच सगळ्यांना फोन केले होते. सेनगावकडच्या गावातून आईनं, बनाबाईनं, एसटीच्या कंडक्टरच्या हाती डिंकाचे लाडू पाठवले. लाडू पोचले त्याच्या आदल्या दिवशी सगळं संपलं होतं. डबा तीन आठवडे तसाच ओट्यावर राहिला, मग रत्नपालनं तो कुणाला तरी देऊन टाकला. आई फोनवर नुसतं “न्हाई राहिलं व्हय” म्हणाली. दुसरी खेप तिनं रत्नपालखेरीज कुणाला कळूच दिली नाही. ती आली तशी गेली, जपानला निघायच्या चार दिवस आधी, आणि सुकन्यानं तिकीट बदललं नाही. विमानात तिच्या मनात एकच शब्द फिरत होता, राहणं. आपल्या बोलीत दिवस राहतात, लेकरू राहतं, नाहीतर राहत नाही. इंग्रजीत ती ज्याच्यावर शोधनिबंध लिहीत होती, परिषदांमध्ये आकडे दाखवत होती, त्या प्रश्नाला मराठीत सांगायचं तर हाच एक शब्द पुरला असता. जग राहिलं कसं?

कारण राहायला नको होतं. जगाच्या अगदी आरंभी जेवढं द्रव्य झालं तेवढंच प्रतिद्रव्य झालं असणार, असं आजवरचं सगळं गणित सांगतं. प्रत्येक कणाला त्याचा उलटा जोडीदार. दोघं भेटले की दोघंही संपतात आणि मागं नुसता उजेड उरतो. तसंच शेवटपर्यंत व्हायला हवं होतं. ना तारे, ना माती, ना मेंढरं, ना माणसं, फक्त विरत जाणारा उजेड. पण कुठंतरी तोल चुकला. शंभर कोटी प्रतिकणांमागे कण निघाले शंभर कोटी आणि एक. अब्जावर एक. बाकीचे एकमेकांना संपवून गेले आणि तो एक एक मागं राहिला. आज जे काही आहे ते सगळं त्या राहिलेल्यांचं. तो एक कसा राहिला हे कुणाला नीट माहीत नाही. सुकन्या गेली आठ वर्षं जपानमधल्या एका प्रयोगाची माहिती चाळत होती. तिथं फार थोडं जगणारे कण आणि त्यांचे प्रतिकण शेजारी शेजारी तयार करतात आणि ते कसे मोडतात ते पाहतात. मोडण्यात फरक दिसतो. निसर्ग दोघांना अगदी सारखं वागवत नाही, हे खरं आहे. पण सापडलेला फरक इतका बारीक आहे, की तेवढ्यावर एवढं मोठं जग उभं राहत नाही. कुठंतरी अजून एक फरक लपलेला आहे. तो शोधणं हे तिचं काम.

हे सगळं तिनं बाला एकदा सांगितलं होतं. पहिल्यांदा जपानला निघण्याआधी ती गावी आली होती, आणि बानं कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती. तिथं मेंढरांभोवती वाघुरीची जाळी लावता लावता त्यानं विचारलं, एवढ्या लांब जाऊन तू करणार काय? तिनं जमेल तसं सांगितलं. शाळेतल्या पोरांना सांगावं तसं न सांगता, जसं आहे तसंच सांगितलं, कारण बासमोर सोपं करून बोललं की त्याला ते लगेच कळायचं आणि तो रुसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जाळीची खुंटी ठोकली, आणि सकाळी ती एसटीत चढताना खिडकीपाशी येऊन म्हणाला, “मंग ते उरलेलं कुनी राखलं?” मेंढरं राखणाऱ्याचा प्रश्न. जपानच्या कँटीनमध्ये तिनं तो सहकाऱ्यांना सांगितला तेव्हा सगळे कौतुकानं हसले. एक म्हातारे प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

आणि आता त्याच बाच्या दंडात प्रतिद्रव्य सोडत होते. काचेच्या दारापलीकडे शिलानं शिशाच्या डबीतून सुई काढली तेव्हा घड्याळात साडेदहा झाले होते. इंजेक्शन म्हणजे साखरेचं पाणी. रोगट गाठी साखर अधाशासारखी ओढून घेतात म्हणून साखर. आणि त्या साखरेच्या कणाकणाला चिकटवलेला एक अणू, जो मोडताना पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलटा जोडीदार. तो बाच्या मांसात मिलिमीटरभर कसंबसं सरकणार, तिथला एखादा इलेक्ट्रॉन गाठणार, आणि दोघं संपणार. संपताना दोन किरणं अगदी विरुद्ध दिशांना सुटणार, डोळ्यांना न दिसणारी. यंत्राच्या कड्यातले स्फटिक ती दोन्ही टिपणार आणि त्यावरून गाठ कुठंकुठं आहे ते सांगणार. जपानमधल्या तिच्या यंत्रातही असेच स्फटिक होते, फक्त ते यंत्र तीन मजली होतं. आठ वर्षं ती जे पडद्यावर आलेखाच्या टोकदार रेघांत पाहत आली होती ते आता एका म्हाताऱ्या धनगराच्या अंगात घडत होतं. सेकंदाला सदतीस कोटी वेळा. तिनं हिशेब मनातल्या मनात केला आणि मग तो केल्याची तिला लाज वाटली. बा आतल्या खोलीत डोळे मिटून पडला होता, हलायचं नाही असं सांगितलं म्हणून देवासारखा स्थिर. काचेतून ती त्याच्या पायांकडे पाहत राहिली. भेगा पडलेल्या त्या टाचा इतक्या पांढऱ्या चादरीवर तिनं कधी पाहिल्या नव्हत्या.

तो काही बोलला नाही, हे तिला खुपत होतं. रागावला असेल का? सगळ्यांत आधी आपल्याला सांगायचं सोडून एका परक्या पोरीनं विचारल्यावर ही ‘हो’ म्हणते, याचं त्याला वाईट वाटलं असेल. रत्नपालशी तिनं लग्न केलं तेव्हाही तो असाच गप्प झाला होता. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत, एक वर्ष नुसता गप्प. आणि मग एका सकाळी पुण्यातल्या त्यांच्या दारात उभा. हातात पिशवी, पिशवीत तूप. रत्नपालनं पायाला हात लावला तेव्हा “जेवान झालं का” एवढंच म्हणाला. त्या वर्षभरात बाच्या मनात काय चाललं होतं हे तिला कधीच कळलं नाही. मोजता न येणारं होतं ते.

स्कॅन झालं. रिपोर्ट परवा मिळेल असं सांगितलं. निघताना बानं शिलाला थांबवून विचारलं, लांब म्हणजे नेमकं किती लांब. ती म्हणाली दोन मीटर. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. स्टँडवर हिंगोलीची गाडी लागली तेव्हा त्यानं सुकन्याला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः सगळ्यांत मागं गेला. ती जागेवरून उठली नाही. याचा विचार तिनं वारंगा फाटा येईपर्यंत केला. तिला आकडे पाठ होते. इतक्या अंतरावर, इतक्या वेळात, पोटातल्या लेकराला पोचणारी किरणं पुणे-टोकियो विमानप्रवासात पोचतात त्याहून फारशी वेगळी नसणार. तिच्या विद्यार्थ्यानं ही भीती बोलून दाखवली असती तर तिनं त्याला फळ्यापाशी उभं करून गणित मांडायला लावलं असतं. पण पोटावर धरलेल्या तिच्या हाताला गणित कळत नव्हतं. बा मागं एकटा बसला होता आणि ती पुढं बसली होती. मागून न दिसणारी किरणं माणसांतून, बाकांतून, गाठोड्यांतून आरपार येत होती, विरळ होत होती. दर एकशे दहा मिनिटांनी निम्मी. तिनं एकदा मागं वळून पाहिलं. बानं खिडकीकडे तोंड केलं होतं. बाळापूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला हळद शिजवून पसरलेली होती आणि तो ओला, मातकट वास गाडीत शिरला. तिला मळमळलं, आणि मळमळल्याचं बरंही वाटलं. मळमळ आहे म्हणजे अजून आहे. कळमनुरीला गर्दी चढली, बाजाराची. बायका, पोती, टोपल्या. मागचं काही दिसेनासं झालं. तिनं डोळे मिटले.

हिंगोलीच्या स्टँडवर गाडी रिकामी होईपर्यंत ती दाराशी थांबली. जवळजवळ सगळे उतरले. बा उतरला नाही. ती वर चढली, मागच्या बाकापर्यंत गेली. तिथं एक तरुण बाई झोपलेल्या तान्ह्याला कुंचीत गुंडाळत होती. कंडक्टर म्हणाला, पटकेवाले आजोबा का? ते तर कळमनुरीलाच उतरले. तिकीट हिंगोलीचं आहे म्हणून सांगितलं, तरी उतरले. सुकन्याला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. मग तिनं पर्स उघडून पाहिली. बाचा मोबाइल तिच्या पर्समध्ये होता, स्कॅनच्या आधी धातूचं सगळं काढून घेतलं होतं तेव्हापासून. कालपासून पोटात अन्न नाही. सत्तरीला आलेला माणूस. तिनं शिवहारला, धाकट्या भावाला, फोन लावायला घेतला आणि कापला. तो मेंढरं घेऊन औंढ्याच्या बाजूला होता, त्याला सांगून काय होणार होतं? कळमनुरीकडे जाणारी जीप भरत होती. ती पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये चेपून बसली.

जीपमध्ये तिला एक जुनी गोष्ट आठवत राहिली, आठवायची नव्हती तरी. ती लहान असताना कळपात एक म्हातारा मेंढा होता. एक दिवस तो आपोआप मागं पडायला लागला. हाकलला तरी पुन्हा मागं. आईला विचारलं तर तिनं बाकडे बोट केलं. बा म्हणाला, त्याला कळलंय, तो आता कळपात न्हाई बसायचा. दोन दिवसांनी तो बाभळीखाली सापडला. सुकन्यानं जीपच्या दांडीला धरलं. गळ्यातली गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हा बानं ती चार महिने पटक्याच्या सोडलेल्या टोकाखाली झाकून ठेवली होती. स्कॅनला यायला तयार झाला तोही तिनं सुट्टी काढली म्हणून. आत पडल्या पडल्या त्यानं काय ठरवलं असेल? लांब म्हणजे नेमकं किती लांब, हे त्यानं का विचारलं असेल?

कळमनुरीच्या स्टँडबाहेरच्या चहावाल्याला तो आठवला. चहावाला म्हणाला, चहा घेतला नाही, पण इथं मानसं नसतील अशी जागा कुठं हाये, असं विचारून राहिला होता. चहावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला बाहेरला जायचं असेल. त्यानं हिंगोलीच्या रस्त्याला हात केला. सुकन्या त्या रस्त्यानं निघाली. उन्हं उतरायला लागली होती. डाव्या हाताला हरभरा, उजव्या हाताला तूर काढून मोकळं झालेलं रान, तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. गाव संपलं, शेवटचा पेट्रोल पंप संपला, आणि मग त्या मोकळ्या रानात, रस्त्यापासून आत, बांधावर तिला पटका दिसला. बा मांडी घालून बसला होता. कुठं मेंढरं चरताना जसा बसायचा तसाच, फक्त पुढं मेंढरं नव्हती. ती रस्ता सोडून रानात उतरली. तिला पाहताच त्यानं हात वर केला.

“तिथंच थांब. म्होरं येऊ नगं.”

ती थांबली. दोघांमध्ये तीसेक पावलांचं अंतर होतं. ती ढेकळांवरच खाली बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. तिनं ओरडून विचारलं, काहून उतरला तू, मला न सांगता? बानं रानातल्या माणसाच्या आवाजात सांगितलं, सावकाश, एकेक शब्द वाऱ्यावर सोडत. कळमनुरीला एक बाई चढली. कडेवर वीतभर लेकरू, हातात दोन पिशव्या, उभं राहायला जागा नाही. “मला म्हनली, आजोबा, याला जरा मांडीवर धरा. आता म्या तिला काय सांगू? माह्या अंगात काय सोडलंय ते तिला कसं सांगू? तिनं तर हात म्होरं केले. म्या उठलो, तिला जागा दिली अन् उतरलो. तुला हाका मारल्या दोन. तू झोपली व्हती.”

सुकन्याला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली. की आता तितकं राहिलेलं नाही, आठवा हिस्साच उरला आहे. की घटकाभर लेकरू मांडीवर घेतलं असतं तरी त्याला काही झालं नसतं. दवाखान्यातले लोक सावध राहायला म्हणून जास्तीचं सांगतात. ती अभ्यास केलेल्या माणसाच्या आवाजात बोलत होती. बानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मंग तू काहून म्होरं बसली?”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतकं स्पष्ट उत्तर नसणं तिला फक्त कामात माहीत होतं, तिथं त्याची लाज वाटत नसे. बानं तिचा चेहरा एवढ्या लांबून पाहिला असेल की नाही कोण जाणे, पण त्याचा आवाज बदलला. “तसं न्हाई म्हनत म्या, माय. बराबर केलं तू. म्या बी तेच केलं असतं.” मग जरा थांबून त्यानं विचारलं, “कितवा?”

“चौथा लागलाय.”

“अगुदरचं एक गेलं ते ठाव हाये.”

“दोन गेले, बा.”

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला. आणि सुकन्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, छातीतून, पूर्ण आवाजात, तुराट्यांच्या त्या मोकळ्या रानात. जे तिनं आईला फोनवर कुजबुजूनही सांगितलं नव्हतं, रत्नपालशीसुद्धा जे ती अंधारात, भिंतीकडे तोंड करून बोलली होती, ते ती आता ओरडून सांगत होती. दोन गेले. दुसऱ्याचं कुणालाच सांगितलं न्हाई. जपानला गेले तशीच. भ्या वाटतंय, बा, याचं बी. हरभऱ्यातून दोन साळुंक्या उडाल्या. आवाज तिच्या बाहेर पडला तसा परत आला नाही, कुठंही आपटला नाही, नुसता पसरत गेला. मोठ्यानं म्हटल्यावर ती गोष्ट तितकी मोठी राहिली नाही. असं होईल हे तिला वाटलं नव्हतं.

बानं डोक्यावरचा पटका काढून उलटा केला, सुलटा केला. मग तो त्याच्या नावाविषयी बोलायला लागला. दगडोबा. शाळेत असताना तिला या नावाची लाज वाटायची. फॉर्मवर ती नुसतं ‘डी’ लिहायची, आणि त्याला ते कळायचं हे तिला आज, तो बोलत असताना कळलं. त्याच्या आधी चार झाली होती. एकही सहाव्या दिवसाच्या सटवीपुढं गेलं नाही, एक तर नाळ कापायच्या आत गेलं. चौघांचीही नावं चांगली ठेवायचं ठरलं होतं, एकाचं तर राजाराम. मग हा झाला तेव्हा त्याच्या आईनं त्याला काही म्हटलंच नाही. दाईनं विचारलं, काय झालं? तर म्हणाली, दगड झाला. तेच नाव पडलं. दगडाला कोण नेतं? तिनं त्याला वर्षभर कुणाला दाखवलं नाही, नवं कापड घातलं नाही, मांडीवर घेऊन गाणं म्हटलं नाही. “येवढं लेकरू राहिलं अन् तिला हसाया बी भ्या वाटायचं,” बा म्हणाला. “मरस्तोवर माह्याकडं नीट बघितलं न्हाई तिनं. दिठ लागंल म्हनून. म्या मोठा झालो, माहं लगीन झालं, तरी. चार गेली अन् म्या काहून राहिलो, ते तिनं कधी इचारलं न्हाई. देवाला बी न्हाई. इचारलं तर देवाच्या ध्यानात येईन, असं तिला वाटायचं.”

तो दमला होता. उन्हं बांधावरून सरकत गेली. मग त्यानं विचारलं, “तुह्या त्या कामाचं काय झालं? ते उरलेलं. कळलं का काही?”

“थोडं कळलंय. तेवढ्यानं भागत न्हाई.”

“इचारीत ऱ्हाय,” बा म्हणाला. “आमची माय भ्यायची. तू नगं भिऊ. तू इचार.”

पुढं जे झालं ते सांगायचं तर, परवाच्या रिपोर्टात रोग गळ्यात आणि छातीत निघाला, पण त्याच्या खाली गेलेला नव्हता. सहा वेळा औषध चढवावं लागलं. बाचे केस गेले, आणि उन्हाळ्यात तो पुन्हा त्याच यंत्राखाली झोपला तेव्हा पडद्यावर त्याचा गळा काळोखा, शांत दिसला. ऑगस्टात सुकन्याला मुलगी झाली. बा नातीला पाहायला पुण्याला आला तेव्हा नावाची चर्चा चालली होती. तो म्हणाला, काय बी ठेवा, दगड-धोंडा तेवढं ठेवू नगा. आणि तिच्याकडे सगळ्यांच्या देखत इतका वेळ टक लावून पाहत बसला, की बनाबाईला मीठ-मोहऱ्या शोधाव्या लागल्या. जपानच्या प्रयोगात तो लपलेला फरक काही सापडला नाही. माहिती अजून येते आहे, सुकन्या अजून ती चाळते आहे. पण त्या संध्याकाळी कळमनुरीच्या रानात यातलं दोघांनाही काही माहीत नव्हतं. गाठ कुठवर गेली आहे हे माहीत नव्हतं, लेकरू राहील की नाही हे माहीत नव्हतं. फक्त सूर्य हरभऱ्यावर टेकला होता आणि तुराट्यांच्या सावल्या लांब होऊन सुकन्याच्या पायाला लागल्या होत्या.

साडेसहाला ती उठली. तिनं सांगितलं, आता काही नाही, आता चालतं. बा म्हणाला, अजून जरा. ती म्हणाली, बा, हे माझं काम आहे, मला कळतं. ढेकळांतून ती चालत आली. पंचवीस पावलं, वीस, दहा. तो उठून मागं सरेल असं तिला वाटत होतं, पण त्यानं फक्त पटक्यानं बांधावरची जागा झटकली. ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या अंगाला लोकरीचा आणि दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास येत होता. आत कुठंतरी अजूनही काही जोड्या भेटत होत्या आणि संपत होत्या, आणि न दिसणारा उजेड दोन्ही बाजूंना सुटत होता, पण आता फार थोडा. बानं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, जसे बसमध्ये त्या बाईसमोर धरले असतील. आयुष्यात त्यानं कुणाला कधी काही विचारून केलं नव्हतं.

“डोक्याला हात लावू का?” त्यानं विचारलं.

“लाव की, बा.”

त्यानं हात ठेवला. रस्त्यानं हिंगोलीची गाडी दिवे लावून आली, मोरीपाशी जरा हळू झाली. दोघांनीही तिला हात केला नाही.